बिनहळदीची वाटी

फुलाबाईच्या हातच्या अळणी पाण्याला नाव ठेवणारं माणूस तिला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं. शेवटी भेटलं ते तिच्याच पोटचं.

अळणी म्हणजे काय, हे आमच्या सोलापूरकडच्या माणसाला सांगायला नको. तुम्ही लांबचे असाल तर ऐका. मटण असो की कोंबडी, आधी आलं-लसूण आणि हळद लावून नुसत्या पाण्यात शिजवायची, आणि तिखट-मसाला पडायच्या आत त्यातलं वाटी-दोन वाट्या पिवळंधमक पाणी बाजूला काढायचं. त्याचं नाव अळणी. घरातल्या लेकराला, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला पहिला मान त्याचा. बाकीचे मसाल्याच्या रश्श्यावर तुटून पडू देत, पण अळणी प्यायलेलं माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसतं, अशी आमच्याकडे खात्रीच आहे. फुलाबाईचं अळणी तर असं, की गल्लीत कुणी अंथरूण धरलं की लोक कोंबडी घेऊन तिच्या दारात उभे. "मावशी, तुमी फकस्त शिजवून द्या." आणि ती द्यायची, चार शिव्या हासडून.

बाई मंगळवेढ्याच्या बाजूची, धनगराच्या घरातली. नवरा बिरप्पा मेंढरं घेऊन मुलूख पालथा घालायचा. टेंभुर्णीच्या अलीकडे हायवे ओलांडताना एका ट्रकनं त्याला आणि निम्म्या कळपाला उडवलं, तेव्हा लेक पूनम नुकती शाळेत जायला लागली होती. फुलाबाईनं उरलेली मेंढरं भावाच्या, जोतिरामच्या गळ्यात घातली, पोरीचा हात धरला आणि सोलापूर गाठलं. विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात एक खोली घेतली. कडक भाकरी करून विकणाऱ्या एका बाईकडं थापायला लागली. सकाळपासून चुलीपुढं बसायचं, पातळ भाकरी थापायची आणि पापडासारखी वाजेपर्यंत शेकायची, हेच तिचं आयुष्य. त्यावर तिनं पूनमला नर्सिंगला घातलं. पोरगी हुशार निघाली. पुण्यात जाऊन जपानी भाषा शिकली आणि तिथूनच जपानला म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला गेली. ती विमानात बसली त्या दिवशी फुलाबाईनं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले आणि मग दार लावून ढसाढसा रडली.

तीच पूनम या दिवाळीच्या तोंडावर परत आली ती मानेशी गाठ घेऊन. गाठीचा कॅन्सर निघाला. परमुलखात एकटीनं उपचार घेण्यापेक्षा आईजवळ घेते, म्हणाली. सोलापुरातल्याच एका दवाखान्यात केमो सुरू झाली. औषध लागू पडलं, बरं का. गाठ विरघळायला लागली. डॉक्टर खूश, नर्सा खूश, फुलाबाईनं बिरोबाला नारळ बोलला. आणि तिथंच सगळं फिसकटलं, कारण पोरीचं खाणं बंद झालं.

बंद म्हणजे बंद. केमोनं तिच्या नाकाचं काय केलं कोण जाणे, दोन घरं पलीकडं फोडणी पडली तरी हिला इकडं ओकारी यायची. भाकरीचा वास नको, वरणाचा नको, दूध नको. डॉक्टरांनी दिलेली डब्यातली पावडर पाण्यात कालवून दिली, ती घोटभर गेली आणि बादलीभर बाहेर आली. फुलाबाईनं स्टो उचलून बाहेर व्हरांड्यात नेला, दाराला चादर लावली, लिंबू-साखर, शहाळं, मऊभात, नाचणीची आंबील, जे सुचेल ते करून पाहिलं. पोरगी चमचा तोंडाशी नेई आणि मान फिरवी. तिचे गाल आत गेले, गळ्याची हाडं वर आली. आंघोळ घालताना पाठीवरून हात फिरवला की फुलाबाईच्या बोटांना मणका न् मणका लागायचा.

डॉक्टरांनी एका गुरुवारी स्पष्टच सांगितलं. "मावशी, औषध काम करतंय. पण वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस मी देऊ शकणार नाही. शरीराला पेलणारच नाही. सोमवारी काट्यावर बघू. काहीही करा, तिच्या पोटात अन्न टिकलं पाहिजे." काहीही करा म्हणे! सांगणाऱ्याला काय जातंय? फुलाबाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. उपचार हातात आहे, गुण येतोय, आणि लेक वाटीभर अन्नावाचून जायची, हे तिच्या डोक्यात मावेना.

त्या दिवशी दुपारी पूनमनंच तोंड उघडलं. शिकून, शहरात राहून तिची बोली बदलली होती, आईशीसुद्धा ती छापील बोलायची. म्हणाली, "आई, मला एक सूप प्यावंसं वाटतंय. तिकडचं."

फुलाबाई हातातलं टाकून तिच्या उशाशी आली. "सांग की. कसलं सूप?"

"आश्रमात नोबुको नावाची आजी होती. ती खायचीच नाही काही. थंडीत तिथल्या स्वयंपाकघरात ते करायचे, आणि तेवढं ती माझ्या हातानं प्यायची. कोंबडीचं असतं, पण पाण्यासारखं स्वच्छ. वाटीचा तळ दिसतो. वर सालीची एवढीशी चकती तरंगते. युझु म्हणतात, आपल्या लिंबाच्या जातीचं फळ आहे. वाटीवरचं झाकण काढलं की आधी त्याचा वास येतो. तो वास आठवला की मला मळमळत नाही."

"म्हंजे अळनीच की गं!" फुलाबाईच्या जिवात जीव आला. एवढंच ना? हे तर तिच्या हातचं. तिनं लगेच पदर खोचला, चिकनवाल्याकडून कोंबडी आणली, आलं-लसूण वाटलं, हळद लावली आणि स्टो भडकावून खळाखळा उकळलं. वर अर्धं लिंबू पिळलं. पिवळंधमक, वर तेलाचे थेंब, असं वाटीभर अळणी घेऊन ती मोठ्या ऐटीत आत आली.

पूनमनं वास घेतला आणि तिचा चेहरा असा झाला, की फुलाबाईनं वाटी तशीच मागं घेतली. तरी उशीर झालाच. बादली धरेपर्यंत चादर खराब झाली.

"आई, हळद नको," पोरगी धाप टाकत म्हणाली. "आलं नको, लसूण नको. हळदीचा वास तर अजिबात सहन होत नाही. ते सूप पांढरं असतं. नुसतं मीठ. आणि उकळायचं नाही, पाणी नुसतं हललं पाहिजे. वर येणारा फेस काढत राहायचा. माझ्या बॅगेत एक वाळकी पट्टी आहे, समुद्रातल्या शेवाळाची. ती आधी पाण्यात भिजव, तिनं चव येते."

फुलाबाई "व्हय, व्हय" म्हणाली. आलं गेलं, लसूण गेलं, पट्टी भिजली. पण हळद?

आता हसू नका. हळदीनं काय घोडं मारलंय, एक चिमूट कमी घातली तर काय बिघडतं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फुलाबाईच्या घरात जन्मला नाहीत. त्यांच्यात माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत घरच्या अन्नात हळद पडत नाही. फोडणी नाही, रंग नाही. पांढरा भात, पांढरं वरण, आणि खाली मान घालून ते गिळायचं. सुतक फिटतं त्या दिवशी घरातली थोरली बाई पातेल्यात पहिली चिमूट हळद टाकते, आणि मग ते घर पुन्हा जित्या माणसांचं होतं. बाकी बारशाला हळद, लग्नाला हळद, बिरोबापुढं भंडारा उधळायचा तोही हळदीचाच. नाही ती फक्त मरणाच्या घरात. फुलाबाईच्या सासूनं तिला नवी नवरी असतानाच बजावलं होतं, "जितं मानूस घरात असताना बिनहळदीचं शिजवायचं न्हाय. शिजवलंस तर ते कुनाला तरी घिऊनच जातं." बिरप्पा गेला तेव्हा फुलाबाईनं ते पांढरं अन्न पोटात ढकललं होतं. त्याची चव तिच्या जिभेवरून अजून गेली नव्हती. आणि आता मरणाच्या दारात असलेल्या एकुलत्या एका पोरीसाठी तेच शिजवायचं? स्वतःच्या हातानं? तिच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं?

तिचा हात झाला नाही. झालाच नाही, काय करणार.

शुक्रवारी सकाळी तिनं सगळं पूनमनं सांगितलं तसं केलं, फक्त नखाएवढी हळद टाकली. नखाएवढी ती काय, देवाला दिसंल, पोरीला न्हाय दिसायची, असा हिशोब. पूनमनं झाकण काढलं आणि वाटी खाली ठेवली. "हळद आहे यात."

"न्हाय गं. कोंबडीच तशी पिवळी हुती."

पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली. दुपारी फुलाबाईनं नवी शक्कल काढली. कोंबडीला हळद चोळली, अंमळ तशीच ठेवली आणि मग पाच पाण्यानं खळखळून धुतली. म्हणजे पडली पण आणि न पडली पण. पाणी चांगलं निवळशंख झालं. वर कागदी लिंबाची साल टाकली. पूनमनं यावेळी एक घोट घेतला. घोट खाली उतरला, आणि तसाच वर आला, आणि त्याच्यामागं कडू पित्त.

पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओकारीनं की रागानं, कुणास ठाऊक. "मी हळद नको म्हणाले होते. तू खोटं बोलतेस माझ्याशी. दोनदा खोटं बोललीस. मारायचंय का मला?"

फुलाबाईनं बादली उचलली, मोरीत ओतली आणि नळाखाली घासायला घेतली. मारायचंय का मला! जे होऊ नये म्हणून तिनं जीव पाखडला, तेच पोरीनं तिच्या तोंडावर फेकलं होतं. सांगावं तर काय सांगावं? तुझं सूप म्हणजे आमच्यातलं सुतकाचं अन्न, असं आजारी माणसाच्या तोंडावर बोलायचं? ते तर शिजवण्याहून वाईट.

मोरीतून बाहेर आली तर दारात रत्नम्मा उभी. रत्नम्मा शेजारची, जन्म विड्या वळण्यात गेलेला. घरात तेलुगू बोलायची आणि बाहेर सोलापुरी. तिनं दुपारी व्हरांड्यात हळद चोळणं आणि धुणं, दोन्ही पाहिलं होतं.

"काय करलालीस गं तू?" ती आवाज दाबून म्हणाली. "लावतीस काय, धुतीस काय! याड लागलं काय तुला?"

फुलाबाईनं तिला बाहेर ओढलं आणि जिन्याखाली नेऊन सगळं सांगितलं, सासूच्या शब्दांसकट. सांगता सांगता तिला हुंदका आवरेना. रत्नम्मानं ऐकून घेतलं. ती काही गोड बोलणारी बाई नव्हे.

"हे बघ, मी तुझ्या सासूला खोटं नाही म्हणत. आमच्यात बी काय काय असतंय. पण पोरगी उपाशी मरायली की तुझी! हळद घालून मरायली. मग ती हळद काय कामाची, सांग की मला!"

"मग काय करू? तूच सांग. घातली तर खाईना, न्हाय घातली तर…"

"मला काय विचारतीस? तुझी पोरगी, तुझी चूल." रत्नम्मा वळली, आणि पुन्हा थांबली. "आन् लिंबू ते कसलं घातलीस? कागदी लिंबाला वास कुठला आलाय! नुसतं आंबट. आमच्या थोरल्या जावेच्या अंगणात दब्बकायचं झाड आहे. हे एवढं मोठं फळ असतंय, जाड सालीचं. लोणचं घालतो आम्ही. नख लावलं की सगळं घर दरवळतंय. उद्या आणून देते."

ती रात्र कशी गेली ते विचारू नका. शनिवारी सकाळी जोतिरामनं एसटीवाल्याच्या हाती पाठवलेली गावठी कोंबडी आली, आणि रत्नम्मा ते फळ घेऊन आली. खरंच नारळाएवढं होतं, पिवळं, अंगावर खडबडीत. फुलाबाईनं सालीला नख लावलं आणि पूनमनं आतल्या अंथरुणावरून मान उचलली. "कसला वास आला गं?"

तेवढं एक वाक्य. किती दिवसांनी पोरीनं वास कसला म्हणून विचारलं होतं, आणि नाक दाबलं नव्हतं. फुलाबाई उठली, व्हरांड्यातल्या फळीवरचा हळदीचा डबा काढला आणि रत्नम्माच्या हातात कोंबला. "हे तुज्या घरी ठिव. म्या मागितला तरी दिऊ नगंस. रडले, पाया पडले, तरी दिऊ नगंस."

रत्नम्मानं तिच्याकडं एकवार पाहिलं आणि डबा पदराखाली घालून गेली.

मग फुलाबाई व्हरांड्यात स्टोपुढं बसली. कोंबडी स्वच्छ धुतली, कातडं काढलं, वाळक्या पट्टीच्या पाण्यात मंद आचेवर ठेवली. आयुष्यभर भडक जाळावर काम केलेली बाई ती, स्टोची वात बारीक करून पाणी हलतंय की नाही बघत राहायचं म्हणजे तिला शिक्षाच. पाणी उसळायला लागलं की ती पातेलं उचलून धरायची. पांढरा फेस वर आला की पळीनं काढायची. दोनदा तिचा हात सवयीनं मागं फळीकडं गेला आणि रिकाम्या जागेला लागून परत आला. पातेल्यात पाहवत नव्हतं तिला. पांढरं पाणी, त्यात पांढरं मांस. "बिरोबा," ती पुटपुटली, "म्या मुद्दाम करत न्हाय रं देवा. पोरीनं मागितलंय." मग तिला आणखी काहीतरी सुचलं. ती स्टोपुढंच हात जोडून थोडा वेळ बसली, आणि उठली ती चेहरा घट्ट करून.

मीठ टाकलं, फडक्यानं गाळलं. दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत ते पाणी ओतलं, एकीत कोंबडीचे मऊ तुकडे सोडले, वर दब्बकायच्या सालीची पातळ चकती ठेवली आणि ताटलीनं झाकलं. दुसरी तशीच. दोन्ही घेऊन आत आली.

पूनम उशीला टेकून बसली होती. "आण," म्हणत तिनं हात पुढं केला तो जवळच्या, उघड्या वाटीकडं.

"ती न्हवं!" फुलाबाई केवढ्यांदा ओरडली. पोरगी दचकली. "ती माजी हाय! पैली माजी हाय!"

"अगं, वाफ येतेय, भाजेल—"

पण फुलाबाईनं ऐकलंच नाही. झाकलेली वाटी खाली ठेवून तिनं दुसरी दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि उभ्या उभ्या, घटाघटा, तळापर्यंत प्यायली. डोळ्यांतून पाणी आलं, जीभ पोळली, घसा पोळला, तरी थांबली नाही. रिकामी वाटी खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"हे काय केलंस?" पूनम म्हणाली.

"चव बगितली."

"अख्खी वाटी?"

फुलाबाई दुसरीकडं बघायला लागली. पूनमनं आधी आईकडं पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या पातेल्याकडं, मग फळीवरच्या त्या मोकळ्या जागेकडं, जिथं हळदीचा डबा असायचा. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा गेले तेव्हा आत्यानं मला असंच पांढरं वरण वाढलं होतं. मी ताट भिरकावलं होतं."

झालं. फुलाबाईचा बांध फुटला. ती पोरीच्या पायाशी खाली बसली आणि भाजलेल्या जिभेनं बोबडं बोबडं बोलत सुटली. "म्या काय करू गं? तू म्हनलीस हळद नगं. म्या कशी घालू नगं? ते अन्न कुनाला तरी नेतंय, म्हातारी म्हनायची. न्यायाचंच असंल तर पैलं जो जेवला त्याला नेऊ दे की! माजं लई बगून झालंय. तुजं काय झालंय अजून? काय बी न्हाय झालं तुजं." आणि ती अंथरुणाच्या कडेला कपाळ टेकून रडत राहिली.

पूनम नर्स होती. असं काही नसतं आई, एवढं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणणार होती, ओठही हलले. पण तिनं आईच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझी वाटी दे."

फुलाबाईनं वाटी तिच्या हातात दिली. पूनमनं ताटली काढली. सालीचा वास वर आला, आणि पोरीनं डोळे मिटून तो नुसता घेतला. मग एक घोट. फुलाबाईचा एक हात बादलीच्या कडीवर होता. दुसरा घोट. मग तुकडा तोंडात घालून ती सावकाश चावत बसली. जणू दात नवे आले असावेत, इतकी जपून.

"नोबुको आजीचं नाही हे," ती म्हणाली.

फुलाबाईनं बादली पुढं ओढली. "मग?"

"चव वेगळी आहे. पण बरं आहे."

वाटी संपली. बादली रिकामी राहिली. दुपार झाली तरी रिकामीच. मग फुलाबाईनं संध्याकाळी पुन्हा केलं, रविवारी दोन्ही वेळा केलं. दरवेळी पहिली वाटी ती उभ्यानं प्यायची, आणि ती पीत असताना पूनम भिंतीकडं तोंड करून पडायची.

सोमवारी काट्यावर वजन वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. डॉक्टरांनी कागद पाहिले, मान हलवली आणि डोस लावायला सांगितला. नर्सनं शीर शोधली, बाटली टांगली, थेंब पडायला लागले. फुलाबाईला खरं तर तिथं नाचायला हवं होतं. ती मात्र कॉटशेजारच्या स्टुलावर अंग चोरून बसली आणि स्वतःलाच चाचपायला लागली. छातीत दुखतंय का? न्हाय. ताप? न्हाय. चक्कर, धाप, काही? काहीच नाही. उलट सकाळी दोन भाकरी खाऊन आली होती आणि आता पुन्हा भूक लागली होती. इतकी ठणठणीत ती कित्येक वर्षांत नसेल.

आणि त्याचीच तिला धास्ती बसली. मला काय होत कसं न्हाय? पहिल्या वाट्या मी प्यायले, एवढ्या वेळा प्यायले. मग मला सोडून ते कुणाकडं बघतंय? तिनं वर बाटलीकडं पाहिलं, पोरीच्या मिटलेल्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि जीभ दातांवर घासली. जिभेवर फोड आला होता, तो ठणकला. तेवढाच तिला आधार वाटला. काहीतरी आहे, अगदीच काही नाही असं नाही. ती तो फोड पुन्हा पुन्हा दातांनी दाबत राहिली.

"आई," पूनमनं डोळे न उघडता हाक मारली.

"काय गं? मळमळतंय का?"

"नाही. घरी गेल्यावर ते परत करशील?"

"करीन की. त्यात काय." फुलाबाईनं तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "रत्नम्मा आनखी फळं आननार हाय."

पूनमनं सुई नसलेला हात अंथरुणावरून सरकवत आणला आणि आईचं बोट धरलं. मग कितीतरी वर्षांत बोलली नव्हती तशी, लहानपणी मेंढरांमागं पळताना बोलायची तशी बोलली.

"पैली वाटी तूच घी," ती म्हणाली. "पर निवू दे की जरा. लई भाजतंय तुला."